आधी गाडीखाली वाका

नव्याने रुजू झालेले शिक्षक हटकून विचारतात, "मॅडम, गाडी कुठली घेऊ?" बहुतेक जण माझ्यासारखेच घाटावरचे. मी बार्शीची. 2010 साली गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या शाळेवर आले, आठ वर्षं एसटीच्या वेळा सांभाळत काढली आणि 2018 मध्ये जुनी स्विफ्ट डिझायर घेतली, म्हणजे मागे वेगळी बंद डिकी असलेली सेडान. तेव्हा माझं जे चुकलं ते तुमचं चुकू नये, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गाडी मी मे महिन्यात पाहिली. 2012 चं मॉडेल, पेट्रोल, एकच मालक, रनिंग 48 हजार किलोमीटर, धुऊन-पुसून लखलखीत. एसी लावून पाहिला, गावातून एक फेरी मारली आणि 2 लाख 90 हजारांना व्यवहार ठरवला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पायाखालचं कार्पेट ओलं लागायला लागलं. दरवाज्याचं रबर बदललं, तरी तेच. शेवटी मिस्त्रींनी कार्पेट उचललं, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा पत्र्यात गेला. भोकातून खालची लाल माती दिसली. गाडी सहा वर्षं किनाऱ्यालगतच्या वाडीत, माडाखाली उघड्यावर उभी असायची हे मला त्यानंतर कळलं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पत्रा कापून नवा जोडायला 22 हजार गेले.

घाटावर आपण पहिल्यांदा रनिंग विचारतो. इथे पहिला प्रश्न हा विचारा: गाडी उभी कुठे असायची? हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, दमटपणा ते सुकू देत नाही, आणि चार महिन्यांत 3 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाल चिखल चाकाच्या आतल्या कमानीत आणि सांध्यांत अडकून ओल धरतो. रोज धावणाऱ्या गाडीला निदान वारा लागतो. चाकरमान्याची गाडी मात्र गावच्या घरी गणपतीपासून शिमग्यापर्यंत जागची हलत नाही. तिचं रनिंग कमी दिसतं, म्हणून आपण भुलतो, आणि नेमका तिचाच पत्रा सडलेला निघतो.

तेव्हा गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवायला सांगा. रॅम्प नसेल तर चटई टाकून स्वतः खाली जा, उजेडाची बॅटरी (टॉर्च) घेऊन. दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या बारीक नळ्या बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. धड पत्रा खणकन वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो. खालून गंजरोधक ताजा काळा कोट मारलेला दिसला तर दुप्पट ठोका. कोट चांगलाच असतो, पण तो गंजावरूनही मारता येतो. दरवाज्यांच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली आहेत का ते बोटाने बघा. मग डिकीतली स्टेपनी उचला आणि तिच्याखालचा खळगा पाहा. विकणारा कंटाळला तर कंटाळू द्या.

पुरात बुडालेल्या गाडीचंही भान ठेवा. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, महाडही, आणि पलीकडे कोल्हापूरलाही पूर होता. त्या पाण्यात गाड्याही गेल्या, आणि पुरातली गाडी साफ करून दूरच्या गावी विकता येते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून बघा. आतल्या टोकाला मातकट रेघ असेल किंवा कुबट वास आला तर तिथूनच परत फिरा. फ्यूजच्या डब्यात, सीटच्या रुळांवर गाळाची पूड राहते, ती कुणी पुसत नाही.

आता सेडानच का? मी आजही तीच घेईन. घाटावरून आई-वडील येतात, त्यांना मागे नीट बसता येतं. सामान बंद डिकीत राहतं. त्याच वयाच्या उंच गाड्यांना मागणी जास्त, त्यामुळे त्या महाग पडतात. अडचण एकच, तळ खाली असतो. यातल्या बहुतेक गाड्यांचा तळ जमिनीपासून 165 ते 170 मिलिमीटरवर, आणि पाच माणसं नि भरलेली डिकी असली की तो आणखी खाली येतो. जांभ्याच्या चिऱ्याला कड असते, तिच्यावर तळ घासतो. माझी गाडी तवसाळहून जयगडला जाताना फेरीबोटीच्या फळीवर दोनदा घासली आहे. आता मी तिथे माणसं उतरवते आणि तिरकी, सावकाश चढवते.

डिझायरचं काम इथला कुठलाही मिस्त्री करतो, पार्ट तालुक्याला मिळतात. पहिल्या गाडीला हे फार मोलाचं आहे. 2012 च्या डिझायरची डिकी मात्र लहान, 316 लिटरची. आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढणार असाल तर होंडा अमेझ किंवा टाटा टिगोर बघा, दोघींची 400 लिटर किंवा जास्त. टोयोटा इटिऑस चार मीटरपेक्षा थोडी लांब, पण दणकट आणि डिकी प्रचंड. फोर्ड अस्पायर चालवायला सुरेख आणि स्वस्तात मिळते, पण फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा पार्टची चौकशी आधी करून ठेवा. शाळा दहा-बारा किलोमीटरवर असेल तर पेट्रोलच घ्या. सीएनजीत डिकी जवळजवळ जाते. घेतलीच तर किटची नोंद आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे ना आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे ना, हे पाहा.

एका बाबतीत तडजोड करू नका: एबीएस (ब्रेक करकचून दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग. एप्रिल 2019 पासून एबीएस आणि 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये अनेकदा दोन्ही नसतात. पावसात ओल्या वळणावर समोर गुरं आली की ब्रेक करकचून दाबला जातोच. त्या क्षणी चाकं जाम झाली तर गाडी सरळ दरीकडे घसरते. वीस-पंचवीस हजार जास्त गेले तरी चालतील.

चाचणीची फेरी सपाटीवर मारू नका. चिपळूणहून पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाटाचा चढ घ्या. एसी चालू ठेवून चढा, तापमानाचा काटा बघा, इंजिन नुसतंच ओरडून गाडी ओढत नसेल तर क्लच प्लेट गेली समजा. चढावर थांबून हँडब्रेकवर गाडी उभी राहते का बघा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या आणि काच खाली करून आवाज ऐका.

कागद: आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा नमुना 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या नमुना 29 आणि 30 वर सह्या समोर घ्या. गाडी एमएच-08 म्हणजे रत्नागिरी सोडून दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथलं ना हरकत पत्र लागतं का ते आधी विचारा. परिवहनच्या साइटवर थकीत चलान पाहा. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही. पूर्वी टॅक्सी असलेली, मग खाजगी केलेली गाडी आरसीच्या इतिहासात ओळखू येते. आणि गोव्याची जीए नंबरची गाडी स्वस्त दिसली तरी इथे कायम वापरायला पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तो धरून मगच भाव करा.

कुणी गाडी बघायला जाणार असेल तर मला हाक मारा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मोकळी असते. चटई आणि बॅटरी माझ्याच डिकीत असते.