जावाच्या खेड्यात स्लामेतानला बसताना

इंडोनेशियातल्या जावा बेटावर खेड्यात अभ्यासाला राहिलात की लवकरच एखादं पोर दारात येऊन सांगतं, मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, अमक्याकडे बोलावलंय. आमंत्रण असंच येतं, ऐन वेळेला. ते पुढच्या वेळेवर ढकलू नका. शेजारच्या चहूबाजूंच्या घरांतून एकेक पुरुष तिथे बसतो, आणि न आलेल्याची जागा सगळ्यांना दिसते.

एकत्र बसून अन्नावर प्रार्थना करण्याचा हा विधी म्हणजे स्लामेतान. काही भागांत त्याला केंदुरी किंवा गेंदुरेन म्हणतात. मराठी माणसाला शब्द शिकायला फारसे कष्ट नाहीत: स्लामेत म्हणजे आपलं सलामत, केंदुरी म्हणजे पिराची कंदुरी, आणि घरी न्यायची शिदोरी ती बर्कत, म्हणजे बरकत. अर्थ मात्र तपासून घ्या. कंदुरीत माणसं पोटभर जेवून उठतात. इथे ताटावरून चार घास खाऊन, कधी तेवढेही न खाता, पुडकं घेऊन घर गाठतात. सगळं अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं.

चटईवर मांडी घालून बसायचं. यजमान किंवा त्याच्या वतीने कुणी जाणता उच्च, म्हणजे आदराच्या जावानीत उजुब सांगतो: हे अन्न कशासाठी, कोणता पदार्थ कुणासाठी. मंडळी अधूनमधून ‘इंगिह’, म्हणजे ‘होय’, म्हणतात. मग मोदिन, म्हणजे गावातला धार्मिक कामं पाहणारा माणूस, अरबीतून दुआ म्हणतो, तेव्हा ‘आमीन’. नवखा इथेच चुकतो, कारण तो दुआ टिपून घेतो आणि उजुब सोडून देतो. दुआ बहुतेक घरी सारखीच असते. घरातली खरी माहिती उजुबात असते.

पदार्थांत शंकूच्या आकाराचा भात तुम्पेंग, अख्खी कोंबडी इंगकुंग, आपे, केळी, आणि लाल-पांढरी खीर. ताडगूळ घातलेली लाल खीर आईची, पांढरी बापाची, असं लोक सांगतात. स्वयंपाक बायकांच्या हाती. शेजारणींच्या या मदतीला रेवांग म्हणतात. अभ्यासक बाई असेल तर तिने पुढच्या खोलीत पाहुण्यासारखं न बसता चुलीपाशी जावं. कुणी कुणाला बोलावलं नाही आणि का, हे तिथेच कळतं. कामं सोपी: छोटे कांदे सोलणं, केळीची पानं पुसणं. पान आधी आचेवरून फिरवून मऊ करा, नाहीतर घडी घालताना शिरेवर फाटतं. तुम्पेंगचा भात नारळाच्या दुधात अर्धा शिजवून, दूध आटलं की वाफवतात आणि गरम असतानाच साच्यात दाबून भरतात. निवलेला भात धरत नाही, साचा काढताच शंकूला चिरा पडतात.

शाकाहारी माणसाने कोंबडी नाकारत बसू नये. बर्कत घरी न्यायचीच असते. तिथे कोण काय खातं, ते कुणी बघत नाही. भाज्या-खोबऱ्याचं उराप निर्धोक वाटतं, पण मसाल्यात बरेचदा तेरासी, म्हणजे आंबवलेली कोळंबी, असते.

सर्वांत जास्त घोळ तारखांचा. मृत्यूनंतर 3, 7, 40, 100 आणि 1000व्या दिवशी, शिवाय दोन वर्षश्राद्धांना स्लामेतान होतं. मोजताना मृत्यूचा दिवस पहिला धरतात, आपल्या तेराव्यासारखाच. सात वारांच्या जोडीला पासारान हा पाच दिवसांचा आठवडा चालतो: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. सोमवार-पोनला माणूस गेला तर तिसरा दिवस बुधवार-क्लिवोन, सातवा रविवार-वागे, चाळिसावा शुक्रवार-पाहिंग, हजारावा शनिवार-पाहिंग. जोडी जुळली नाही तर तुमची मोजणी चुकली. दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणून ‘मालेम रेबो’, शब्दशः बुधवारची रात्र, ही आपली मंगळवारची संध्याकाळ. बुधवारी संध्याकाळी हजर झालात तर धुतलेली पातेली बघायला मिळतील. तसंच सूर्यास्तानंतरचा मृत्यू पुढच्या दिवसात धरला जातो, तेव्हा वेळ विचारून घ्या.

वहीत काय लिहायचं? पाककृती नंतर. आधी पुडकी मोजा: किती बांधली, किती बसलेल्यांनी नेली, किती पोरांच्या हाती न आलेल्यांकडे गेली. मग घरांचा नकाशा काढून त्यावर खुणा करा. जवळचं घर वगळून लांबच्या घरी पुडकं गेलं असेल तर कारण लगेच विचारू नका. आणखी दोन-तीन स्लामेतानांची नोंद होऊ द्या. लग्न-सुंतेच्या मोठ्या कार्यात तांदूळ, साखर, पैसे येतात, आणि कित्येक घरी कोण काय देऊन गेलं ते वहीत उतरवतात. ती वही मागू नका. घरातल्या बाईने आपणहून उघडली तर बघा.

विदेशी संशोधकाला ‘ब्रिन’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा परवाना आधी लागतो. गावात मुक्कामाला आलात की 24 तासांच्या आत आरटीच्या, म्हणजे शेजारगटाच्या, प्रमुखाकडे नोंद करा. आमंत्रणाचा निरोप घेऊन येणारं पोर बहुधा त्याच्याच गल्लीतलं असतं.