ऊन लागलं? आधी पाणी ओता, गाडी नंतर

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात शेतात कुणी भोवळ येऊन पडलं की सगळे आधी गाडी शोधतात. तालुक्याचा दवाखाना गाठेपर्यंत पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ अंग तापलेलंच राहतं. मेंदू आणि मूत्रपिंडं बिघडतात ती याच वेळात.

नाव, गाव, आजचा वार विचारा. उत्तर भलतंच आलं, पाय लटपटले, झटके आले, तर उष्माघातच समजा. घाम सुटलाय म्हणून निर्धास्त राहू नका. राबणारा माणूस घामाने निथळत असतानाही त्याचं अंग ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असू शकतं.

एकाने १०८ लावावा, बाकीच्यांनी माणसाला सावलीत न्यावं. कपडे सैल करा, जमतील तेवढे काढा आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहा. विहिरीचं, माठाचं, ठिबकच्या नळीचं, कुठलंही चालेल. फवारणी पंपातलं मात्र नको, त्यात औषधाचा अंश राहतो. सोबत टॉवेलने, सुपाने, हाताला लागेल त्याने जोरात वारा घाला. ओला दुपट्टा गुंडाळून ठेवला की तो दोन-चार मिनिटांत कोमट होतो आणि वाराही अडवतो. बर्फ मिळालाच तर फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघेत ठेवा.

शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. डाव्या कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप वेगळा. गाडी आली तरी काचा उघड्या ठेवून वाटभर अंग भिजवत राहा.

माणूस नीट बोलतोय, फक्त गरगरतंय, पोटऱ्यांत गोळे येताहेत, तर ओआरएस घोटाघोटाने द्या. मोठं पाकीट एका लिटरचं असतं. पेलाभर पाण्यात अर्धं टाकलं तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवू नका. खिशात कांदा असला तरीही.