सुक्रे की पोतोसी? आधी रात्री कुठे झोपणार ते ठरवा

बोलिव्हियाला जाणारा प्रत्येक जण मला विचारतो, या दोन शहरांपैकी कुठलं बघू, आणि प्रत्येकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, ‘दोन्ही करून टाक, तीन तासांचा तर रस्ता आहे!’ तीन तासांचा आहे, मान्य. अंतर जेमतेम १६० किलोमीटर. पण सुक्रे २,८०० मीटरवर आहे आणि पोतोसी ४,०९० वर. तीन तासांत तुम्ही जवळजवळ तेराशे मीटर वर जाता, हे मात्र कुणी सांगत नाही.

आवडीचा प्रश्न लवकर मिटवा. निवांत चौक, पांढरीशुभ्र घरं, गच्चीवरची कॉफी आणि ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या ते ‘कासा दे ला लिबेर्ताद’ हवं असेल तर सुक्रे. चांदीनं जग कसं फिरवलं ते बघायचं असेल तर पोतोसी. सेर्रो रिको डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि त्याच्या पायथ्याशी हे शहर उभं राहिलं. सुक्रेतले वाडेही बरेचसे त्याच चांदीचे. खाणमालकांनी तुमचा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता: पैसा वर, बिऱ्हाड खाली.

आता रात्रींचा हिशेब. इथेच सगळे चुकतात आणि मीही चुकलो होतो.

पहिल्या खेपेला मी सांताक्रूझहून आलो. ते शहर चारशे मीटरवर. सुक्रेला विमानातून उतरलो आणि दुपारीच टॅक्सीनं पोतोसी गाठलं. संध्याकाळी ठणठणीत होतो. चढाच्या गल्ल्या फिरलो, गरम सूप प्यायलो, ‘मला काही होत नाही’ असं वर बोलूनही दाखवलं. रात्री दोन वाजता कवटी आतून कुणी ठोकतंय असं वाटून जाग आली. मग उलट्या. सकाळी बुटाची एक नाडी बांधून झाल्यावर दम खायला पलंगावर बसावं लागलं. टांकसाळ बघायला आलो होतो. बघितलं ते खिडकीतून तिचं छप्पर.

संध्याकाळी बरं वाटणं हाच सापळा असतो. उंचीचा त्रास बहुतेकदा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका झोपेत गाठतो. पोतोसीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि झोपेत श्वास आणखी मंदावतो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. सुक्रे ते पोतोसी ही उडी त्या नियमात बसतच नाही. म्हणून माझा हट्ट असा: खालून येत असाल तर सुक्रेत निदान तीन रात्री. त्याहून कमी वेळ असेल तर पोतोसीत मुक्काम करू नका. पहाटे निघा, चार-पाच तास बघा, अंधार पडता परत या. डोकं दुखलंच तर गाडीत दुखेल, पण झोप खाली मिळेल.

ला पासला उतरत असाल तर तिथला विमानतळच चार हजार मीटरच्या वर आहे. हिरोगिरी न करता पुढचं विमान पकडून सुक्रेला या. उलट उयुनीचं मिठाचं वाळवंट करून येत असाल, तर तीन-चार रात्री ३,६५० मीटर किंवा त्याहून वर काढलेल्या असतात. तेव्हा पोतोसी आधी करायला माझी हरकत नाही.

कोकाच्या पानांचा चहा खुशाल प्या, पण त्याला औषध समजू नका. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. झोपेची गोळी आणि दारू नको. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

तिकीट काढण्यापूर्वी रस्ता सुरू आहे का ते हॉटेलात विचारा. ‘ब्लोकेओ’ म्हणजे रास्ता रोको, आणि तो तिकडे नेहमीचाच. २०१० आणि २०१५ मध्ये पोतोसी कित्येक दिवस बंद पडलं होतं. अडकायचंच असेल तर सुक्रेत अडकावं.

पोतोसीत एकच गोष्ट बघायची तर ‘कासा दे ला मोनेदा’, ही टांकसाळ. चांदीचे पत्रे लाटणारी लाकडी यंत्रं अजून जागेवर आहेत. माणसापेक्षा उंच दातेरी चाकं वरच्या मजल्यावर, आणि खालच्या अंधाऱ्या मजल्यावर ती फिरवायला त्या काळी खेचरं गोल गोल चालायची. आत भर दुपारी बोटं गारठतात, स्वेटर अंगातच ठेवा.

खाणीच्या सहली मिळतात. मी एकदा गेलो, पुन्हा जाणार नाही. आत वाकून चालावं लागतं, हवा धुळीनं भरलेली, आणि ज्यांची फुप्फुसं त्या धुळीनं निकामी होतात ती माणसं तुमच्या कॅमेऱ्यासमोर काम करत असतात. त्यातून पहिल्याच दिवशी, उंचीची सवय नसताना, कुणी ‘चला, तासाभराचं तर आहे’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा आणि सान लोरेन्सो चर्चचा कोरीव दगडी दरवाजा बघायला जा. चौकापासून थोडं चालायचं आहे. सावकाश चाला.