लग्नपत्रिकेत पॉपिन्सचा थिन वापरायचा असेल तर

पत्रिका छापायला येणाऱ्या तरुण मंडळींची हल्ली एकच मागणी असते: "अक्षर पातळ हवं, नक्षी नको." मी त्यांना पॉपिन्स दाखवतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट, २०१४ चा. देवनागरी निनाद काळे यांची, रोमन म्हणजे इंग्रजी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. १९२७ च्या फ्यूचुरा या फॉन्टने रोमनमध्ये रुळवलेलं वर्तुळ आणि सरळ रेषेचं वळण इथे देवनागरीत मिळतं, तेही सगळ्यात पातळ थिनपासून सगळ्यात जाड ब्लॅकपर्यंत नऊ वजनांत, म्हणजे रेषेच्या नऊ जाड्यांत, आणि विनामूल्य. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच तो वाटेल तिथे टाकलेला बघवत नाही.

थिन फक्त मोठ्या अक्षराला. वधूवरांची नावं, 'शुभविवाह', फार तर तारीख. माझा हिशेब असा: ३६ पॉइंटच्या वर थिन, १८ पर्यंत लाइट, त्याखाली रेग्युलर. कार्यालयाचा पत्ता आणि मुहूर्त आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत, तिथे तडजोड नाही.

आता शिरोरेषा. 'शुभविवाह'मधला भ बघा. भ आणि म, ध आणि घ वेगळे ओळखू येतात ते बऱ्याच अंशी शिरोरेषेतल्या खंडामुळे. थिनची रेषा केसाएवढी. खडबडीत हँडमेड कागदावर ती मध्येच तुटली की कुठला खंड खरा आणि कुठला छपाईचा, हे कळेनासं होतं. त्यामुळे थिन हवा असेल तर गुळगुळीत कागदच घ्या. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका. रोमनला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. मोकळेपणा हवा तर दोन ओळींमध्ये द्या. वेलांट्या-उकारांनाही जागा मिळते.

रंग एकच आणि शंभर टक्के ठेवा. राखाडी छटा दिली की तिचे ठिपके होतात आणि एवढ्या बारीक रेषेत ते दिसतात. चार रंगांच्या मिश्रणात एखाद्या रंगाची छपाईची प्लेट जराशी सरकली तरी अक्षराला सावली येते. गडद मरूनवर पांढरं थिन तर नकोच, आजूबाजूची शाई रेषेत शिरते. तिथे लाइट किंवा रेग्युलर घ्या.

अक्षर बारीक वाटलं म्हणून त्याला आउटलाइन देऊन जाड करू नका, ओळीत बसत नाही म्हणून दाबूही नका. दाबलं की उभे दांडे आडव्या रेषेपेक्षा पातळ होतात आणि गोल अंडाकृती होतो. एक वजन वर जा किंवा आकार कमी करा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा बुटकी दिसतील. ती मुद्दाम तशी आहेत, ओढून बरोबरीला आणू नका.

प्रूफ स्क्रीनवर पास करू नका. त्याच कागदावर, खऱ्या मापात एक प्रत काढा आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला संध्याकाळच्या उजेडात वाचायला द्या. 'दुसऱ्या', 'ज्येष्ठ', 'श्रीकृष्ण' असे शब्द अडखळत वाचले गेले तर वजन वाढवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची प्रत वेगळी करा आणि तिच्यात नावंसुद्धा लाइटमध्येच ठेवा.