रेगे-रॉक अल्बम आणि टूर: या चुका टाळा

पावसाळा आला की पुण्या-मुंबईतले नवे बँड अल्बम करायला घेतात, कारण ऑक्टोबरनंतर गिगचा हंगाम सुरू होतो आणि तोवर गाणी बाहेर यायला हवी असतात. मी रेकॉर्डिंगही करतो आणि लाइव्ह साउंडही. त्यामुळे जी चूक जुलैत स्टुडिओत होते, तिचे परिणाम डिसेंबरात स्टेजवर बघायला मीच उभा असतो. रेगे-रॉकवाल्यांच्या (जमैकाचं रेगे आणि रॉक एकत्र वाजवणाऱ्यांच्या) चुका तर आता पाठ झाल्या आहेत.

गिटारसोबत एको रेकॉर्ड करणे

सगळ्यात महागात पडते ती ही. पुण्यातल्या एका बँडच्या गिटारिस्टकडे सुंदर डिले पेडल (गिटारला एको देणारं यंत्र) होतं. त्याशिवाय तो वाजवायलाच तयार नव्हता. कोरा, म्हणजे बिनएकोचा, सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेऊ या, असं मी म्हणालो, तर उत्तर आलं, "कशाला दादा, साउंड तर भारीच येतोय!" सगळी गाणी तशीच झाली. पुढे गायिकेला मुख्य गाणं पळाल्यासारखं वाटू लागलं आणि टेम्पो ७५ बीपीएमवरून (मिनिटाला ७५ मात्रा) ७२ वर आणायचं ठरलं. तिचं म्हणणं बरोबरच होतं, गाणं त्या लयीत खुललं. ड्रम्स आणि बेस एका दुपारात पुन्हा झाले. गिटारिस्ट मात्र तोवर नोकरीसाठी हैदराबादला गेला होता.

गिटार कोरी असती तर ऑफबीटवरचा (दोन मात्रांच्या मधला) एकेक 'चक' कापून नव्या लयीवर सरकवता आला असता. इथे प्रत्येक चकला एकोची शेपटी चिकटलेली. ७५ च्या लयीत आठव्या भागाचा एको ४०० मिलिसेकंदांचा असतो आणि ७२ ला तो साधारण ४१७ चा लागतो. फरक १७ चा वाटतो, पण तिसऱ्या पडसादापर्यंत तो ५० वर जातो आणि तो कानाला सरळ खुपतो. सगळा ट्रॅक ताणून पाहिला, तर तारेची धार गेली. शेवटी त्याला सुट्टी काढून यावं लागलं आणि स्टुडिओचं भाडं दुसऱ्यांदा भरावं लागलं.

माझी सवय अशी: डीआय बॉक्समधून (गिटार थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीतून) कोरा सिग्नल घ्यायचाच. वादकाला पेडल हवंय ना, हेडफोनमध्ये खुशाल ऐकू दे. एको मिक्सच्या वेळी, हाताने, शब्द संपतो तिथे सेंड (आवाज एकोकडे पाठवणारं बटण) उघडून. या संगीतात ती जागा मिक्स करणाऱ्याचीच आहे. १९७० च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी मिक्सिंग डेस्क वाद्यासारखं वाजवत होता, तोही मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस. डब, म्हणजे मिक्सिंगमधूनच घडवलेला रेगेचा प्रकार, घडलं ते असं.

पहिली मात्रा भरून टाकणे

वन ड्रॉपमध्ये, म्हणजे रेगेच्या मूळ ड्रम ठेक्यात, पहिली मात्रा किकला रिकामी असते आणि किक व रिमचा ठोका एकत्र तिसरीवर पडतो. ढोल-ताशा पथकात किंवा तबल्यावर हात बसलेल्या आपल्या ड्रमरला समेवर काहीच न वाजवणं फार जड जातं. दोन आवर्तनं तो धरतो, तिसऱ्यात पाय पडतोच. बॉब मार्लीच्या वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट नीट ऐका आणि बेस काय करतोय ते त्याच्यासोबत ऐका. ड्रमर आणि बेसिस्ट दोघांनीच, गिटार बंद ठेवून, आठवडाभर बसायला हवं. हे टाळून "नंतर ग्रिडवर ओढून घेऊ" (ठोके संगणकात काटेकोर मात्रांवर सरकवू) म्हणणारे भेटतात, त्यांना मी साफ नाही म्हणतो. ग्रिडवर ओढलेला रेगे मेट्रोनोमसारखा ऐकू येतो, मग कितीही प्लगइन लावा.

थोडक्यात

कोरसला डिस्टॉर्शन आलं की बेस गायब होतो. गिटार १२० हर्ट्झच्या खाली कापा.

मास्टर (गाण्याची अंतिम प्रत) उगाच दाबून मोठा करू नका. स्पॉटिफाय आपल्या सेटिंगनुसार तो साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) खाली आणतोच आणि तुमच्याकडे फक्त चेपलेला बेस उरतो.

स्पॉटिफायच्या एडिटोरियल प्लेलिस्टसाठी (त्यांचे संपादक निवडतात त्या यादीसाठी) गाणं रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. मी महिनाभर आधीची तारीख धरायला लावतो.

गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) गाणी नोंदवा. टूर सुरू होण्याआधी.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. पेडलबोर्डच्या केसमध्ये टाकून विसरू नका.

उघड्यावरच्या गिगला घड्याळ न बघणे

गोव्यात किनाऱ्यावरची गिग. एका बँडने नव्या अल्बमची गाणी "क्लायमॅक्सला" म्हणून शेवटी ठेवली होती. साउंडचेकला मंडळी तासभर उशिरा आली, कारण वाटेत सूर्यास्त बघायचा होता. मग जुनी गाणी, लांबलचक जॅम, प्रेक्षकांशी गप्पा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सूट मिळते ती वर्षात फार तर १५ दिवस, सरकारने ठरवलेल्या सण-उत्सवांपुरती. दहाला मुख्य आवाज बंद झाला. ज्या अल्बमसाठी टूर काढली, त्यातलं एकच गाणं लोकांनी ऐकलं, तेही अर्धं. लोक नाराज, आयोजक नाराज, आणि टी-शर्टांचा खोका जसा आणला तसा परत गेला.

मी सेटलिस्ट ९:४५ पासून उलटी मोजायला लावतो. नवी गाणी दुसऱ्या क्रमांकापासून सुरू, जॅम शेवटी, म्हणजे कापायची वेळ आली तर जॅम कापली जाते.

गिग संपवून रात्रीच पुणे-बेंगळुरू गाडी हाकणं बंद करा. साडेआठशे किलोमीटर आहेत आणि दुपारी चारला साउंडचेक आहे. एक दिवस मध्ये ठेवा, नाहीतर तारीख नाकारा.

आणि जनरेटरवरची गिग असेल तर अॅम्प लावण्याआधी मल्टीमीटर बाहेर काढा. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास हवं, न्यूट्रल-अर्थ जवळपास शून्य. एकदा २७० दिसले होते. आयोजक ओरडत होता, बँड ओरडत होता, लोक शिट्या मारत होते. जनरेटरवाल्याने सेटिंग बदलून मीटरवर २३२ दाखवेपर्यंत मी एकही प्लग लावू दिला नाही.