नागीण, पुरळ आणि हाताला लागेल ती ट्यूब: या चुका टाळा

नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, अंगावर एका बाजूला पट्ट्याने उठणारे फोड. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. खरं तर ती जुळत नाहीत. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत दबून राहतो आणि पुढे कधीतरी एका नसेच्या वाटेने कातडीवर उतरतो. त्या नसेची हद्द शरीराच्या मधल्या रेषेशी संपते, म्हणून पुरळही तिथेच थांबतं. फोड अंगभर पसरले, तर प्रतिकारशक्ती कमी झाल्याची शंका घ्यायची. त्याचा वेटोळ्याशी संबंध नाही.

घटनाक्रम ठरलेला असतो. पाठीत एका बाजूला आग आणि चमका सुरू होतात. उसण भरली म्हणून बाम चोळला जातो. दुखणं छातीत डावीकडे असेल तर ईसीजी निघतो आणि तो नॉर्मल येतो. दोन-तीन दिवसांनी लाल कातडीवर पाण्याच्या फोडांचे घोस दिसतात. मग गेरूचा लेप लागतो आणि तीन वार उतरवून घेणं सुरू होतं. फोड एरवीही सात ते दहा दिवसांत खपलीला येतातच, त्यामुळे श्रेय मंत्राला मिळतं. साठीपुढच्या माणसाला मात्र नंतर महिनोन्‌महिने सदऱ्याचं कापड टेकलं तरी सहन होत नाही. त्या वेळी उतरवणारा विचारायला येत नाही.

पहिला फोड दिसल्यापासूनचे 72 तास महत्त्वाचे. त्याच दिवशी तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात ‘परवा की तेरवा’ यावर वाद नको. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून 5 वेळा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम 3 वेळा, 7 दिवस. किडनीचा त्रास असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून गोळी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. काउंटरवर ‘हर्पिसची गोळी द्या’ म्हटलं की अनेकदा ओठावरच्या हर्पिसचा डोस हातात पडतो, आणि तो इथे अपुरा. असायक्लोव्हिरचं मलम नागिणीवर फुकट. 72 तास उलटले पण नवे फोड येतच आहेत, तरीही जा.

नागिणीचा फोड नाकाच्या शेंड्यावर आला की डोळ्यालाही धोका, म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कानात फोड आणि तोंड वाकडं, तरी घाई तेवढीच.

दुसरी लाडकी चूक म्हणजे मेडिकलमधली ‘तीन-इन-वन’ ट्यूब. तिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. छातीवर किंवा पाठीवर एक लंबगोल, कडेला बारीक कोंडा असलेला चट्टा येतो. गजकर्ण समजून ट्यूब चोळली जाते. आठवड्या-दोन आठवड्यांत तसेच छोटे चट्टे पाठीवर बरगड्यांच्या दिशेने तिरके उमटतात आणि लोक म्हणतात, गजकर्ण पसरलं. हा बहुधा पिटिरियासिस रोझिया; नागिणीच्याच कुळातल्या विषाणूंशी त्याचा संबंध जोडला जातो. तो साधारण सहा ते आठ आठवड्यांत आपणहून जातो. ज्यांना दोन दिवसांत फरक हवा असतो, ते स्टिरॉइडने लाली दाबतात आणि निदान करणाऱ्याची पंचाईत करतात. खरंच गजकर्ण निघालं, तर ते अशाने आणखी फोफावतं. चट्टा खरवडून केओएच तपासणी (बुरशी आहे का हे पाहणारी) करून घ्या, तोवर साधं खोबरेल. तळहात-तळपायांवरही डाग असतील तर लाज न बाळगता सिफिलिसची रक्तचाचणी करा.

बाकीचं थोडक्यात. तापानंतर अंग लालबुंद आणि मधेमधे पांढरी बेटं: डेंग्यूचा विचार करा, अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. ताप उतरला म्हणजे धोका टळला असंही नाही. पोटदुखी, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर थेट रुग्णालय. चिकनगुनियानंतर नाक काळवंडलं तर गोरेपणाचं क्रीम नको, डाग हळूहळू फिका होतो.

फोड सुईने फोडू नका. नागिणीच्या खपल्या धरेपर्यंत, कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईजवळ आणि तान्ह्या बाळाजवळ जाऊ नका. त्यांना नागीण नाही, कांजिण्या होतील.