सेव्हर्न लांब, टे मोठी: ब्रिटनमध्ये नद्या मोजायला शिकताना

ब्रिटनमध्ये जलविज्ञानाच्या एमएस्सीला येणारी मुलं-मुली मला जे मेसेज करतात, त्यांत कोणतं सॉफ्टवेअर शिकून येऊ, पार्टटाइम काम मिळतं का, राहायला स्वस्त कुठे, असे प्रश्न असतात. ज्या बेटावर येणार तिथल्या नद्यांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मी मूळची सांगलीची. सिव्हिल करून इथे आले, शिकले आणि पुढे प्रवाह मोजणाऱ्यांतच कामाला लागले. त्यामुळे माझा सल्ला थोडा एकांगी आहे, हे धरूनच वाचा: सॉफ्टवेअर नंतर, आधी नद्या.

ग्रेट ब्रिटन हे बेट अरुंद आहे. समुद्रापासून सगळ्यात लांबचं ठिकाण घेतलं तरी अंतर सुमारे ११३ किमी भरतं. म्हणजे नद्या आखूडच असणार. सर्वांत लांब सेव्हर्न, ३५४ किमी. तिच्यामागे थेम्स, ३४६. त्यानंतर ट्रेंट, तीनशेच्या आत. आपली भीमा एकटी ८६१ किमी आहे, म्हणून इथल्या आकड्यांनी आपण भारावत नाही. (प्रश्नमंजुषेत ‘शॅनन, ३६० किमी’ असं उत्तर दिसलं तर गोंधळू नका. ती आयर्लंडची नदी, बेटच वेगळं.)

पण सेव्हर्न आणि थेम्समधला तो आठ किलोमीटरचा फरक बघा. थेम्सचा उगम सरकारी नकाशावर ग्लॉस्टरशरमधल्या थेम्स हेडला दाखवतात. तिथे बहुतेक महिने कोरडं कुरण असतं, एक दगड असतो आणि फोटो काढणारे लोक असतात. तिची एक उपनदी आहे चर्न, ती सेव्हन स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यांपासून निघते. उगम तिथून धरला तर थेम्स सुमारे २३ किमीने वाढते आणि सेव्हर्नला मागे टाकते. शिवाय सेव्हर्न संपते कुठे, हाही प्रश्न आहेच. तिची खाडी इतकी रुंद होत जाते की नदी कुठवर आणि समुद्र कुठून, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. तेव्हा लांबीचा आकडा दिसला की तीन गोष्टी विचारायच्या: सुरुवात कुठून धरली, शेवट कुठे धरला, आणि कोणत्या स्केलच्या नकाशावर मोजली. नकाशा जितका बारीक, तितकी वळणं जास्त आणि नदी तितकी लांब. एवढं कळलं की लांबीचं प्रकरण संपलं. रोजच्या कामात त्या आकड्याशी फारसा संबंध येत नाही.

काम असतं ते प्रवाहाशी. आणि इथे क्रम पार उलटतो. पाण्याच्या हिशेबाने या बेटावरची सर्वांत मोठी नदी टे. ती स्कॉटलंडमध्ये आहे, लांबी १९० किमीच्याही आत. बॅलाथी इथल्या प्रवाहमापन केंद्रावर तिचा सरासरी प्रवाह सुमारे १७० क्युमेक, म्हणजे सेकंदाला १७० घनमीटर. थेम्सचा लंडनच्या वेशीवर, किंग्स्टनला, सुमारे ६५. पाणलोट बघाल तर थेम्सचं तिथवर ९,९४८ चौरस किमी आणि टेचं ४,५८७. निम्म्याहून कमी जमीन आणि अडीचपट पाणी.

हे असंच पाठ करू नका. वहीत गणित मांडा. ६५ क्युमेक वर्षभर वाहिले तर किती घनमीटर झाले ते काढा आणि क्षेत्रफळाने भागा. थेम्सच्या खोऱ्यातून वर्षाला जेमतेम २०० मिमी पाणी नदीतून बाहेर पडतं. तेच टेसाठी केलं की ११५० मिमीच्या वर जातं. आग्नेय इंग्लंडमध्ये पाऊसच कमी, वर्षाला सातशे मिमीच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा झाडं-पिकं आणि ऊन परत नेतात. स्कॉटलंडच्या डोंगरांत पाऊस दुप्पट आणि हवा गार. एका गणितात अर्धं पहिलं सत्र उलगडतं. आपल्या मापात बोलायचं तर टे वर्षाला १९० टीएमसी नेते, म्हणजे कोयना धरण जवळजवळ दोनदा भरेल इतकं. मला स्वतःला टीएमसीत केल्याशिवाय आकडा अजूनही ‘दिसत’ नाही, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. फक्त रिपोर्टमध्ये क्युमेकच लिहा. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक, हे तेवढं तोंडपाठ असू द्या.

आता हा १७० किंवा ६५ आकडा येतो कुठून? सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना हे लवकर समजतं. पावसाळ्यात आमच्याकडे दोन आकडे घरोघर बोलले जातात: आयर्विन पुलाशी पाणी किती फूट, आणि कोयनेतून विसर्ग किती क्युसेक. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. पहिला आकडा पातळीचा, दुसरा प्रवाहाचा. नदीवरचं केंद्र दर पंधरा मिनिटांनी जे नोंदवतं ती बहुतेक ठिकाणी फक्त पातळी असते. पातळीवरून प्रवाह काढायचा तर दोघांचं नातं आधी ठाऊक हवं. ते नातं म्हणजे रेटिंग कर्व्ह, आणि तो बनवण्यासाठी कुणीतरी वेडर्स (छातीपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे बूट-पँट) चढवून पाण्यात उतरलेलं असतं.

हे शिकायला बर्कशरमधली लँबोर्न फार चांगली नदी आहे. चुनखडीतून झिरपून येणारं पाणी, तळाची खडी दिसेल इतकं नितळ, आणि पाऊस पडला तरी ती उसळत नाही. हिवाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी ती उन्हाळ्यापर्यंत पुरवून पुरवून सोडते. काठाकाठाला टेप बांधतात. रुंदीचे वीसेक भाग पाडतात. प्रत्येक ठिकाणी आधी दांड्यावर खोली वाचायची, मग पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर वेग मोजणारा मीटर आणायचा, ठरावीक सेकंद प्रोपेलरचे फेरे मोजायचे, आकडा काठावरच्या माणसाला ओरडून सांगायचा आणि एक पाऊल पुढे सरकायचं. उभं राहायचं ते मीटरच्या खालच्या अंगाला आणि जरा बाजूला, नाहीतर तुमचेच पाय प्रवाह बदलतात. वेग गुणिले खोली गुणिले रुंदी, सगळ्या भागांची बेरीज. मोठ्या नद्यांवर आता हे काम ध्वनिलहरींचं यंत्र तरंगत्या फळीवरून काही मिनिटांत करतं. तरी हाताने करून बघाच, कारण आकड्यात कुठे कुठे खोट येऊ शकते ते पाण्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

लँबोर्नची खरी गंमत उन्हाळ्यात. मे-जूनमध्ये पात्रात पाणवनस्पती माजतात, पांढऱ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे. पाणी त्यांत अडतं आणि पातळी चढते. प्रवाह मात्र कमीच होत असतो. मग एखाद्या दिवशी गवत कापतात आणि पातळी काही तासांत खाली येते. ऑफिसात स्क्रीनवर हा आलेख बघणाऱ्या नवख्याला वाटतं, नदी आटली किंवा यंत्र बिघडलं. मुलाखतीत असा आलेख समोर ठेवून ‘काय झालं असेल?’ असं विचारतात. एकदा त्या गवतात पाय अडकलेला असला की उत्तर आपोआप येतं.

डोंगराची बाजू समजायला वेल्समध्ये प्लिनलिमनला जा. ७५२ मीटरचा, दिसायला काही खास नाही, वर बहुधा ढग आणि वारा. या एकाच डोंगरावर सेव्हर्न आणि वाय या दोन्ही नद्या उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि शेवटी सेव्हर्नच्याच खाडीत भेटतात. महाबळेश्वरला निघून कऱ्हाडला भेटणाऱ्या कृष्णा-कोयनेसारखंच. पाऊस वर्षाला सुमारे २,५०० मिमी. आपण म्हणतो, एवढाच? पण तो बाराही महिने विभागून पडतो, त्यामुळे माती वाळतच नाही.

या डोंगरावर एक जुना वाद निकाली लागला आहे. १९५० च्या दशकात फ्रँक लॉ नावाच्या इंजिनिअरने लँकेशरमध्ये मोजमाप करून सांगितलं, की धरणाच्या पाणलोटात सूचिपर्णी झाडं लावली तर धरणात येणारं पाणी घटतं. वनखात्याला ते मानवलं नाही. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लिनलिमनवर शेजारशेजारचे दोन पाणलोट मोजायला घेतले: सेव्हर्नचा, बराचसा झाडांनी भरलेला, आणि वायचा, गवत आणि मेंढ्यांचा. अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसलं की झाडांच्या बाजूने पाणी खरंच कमी येतं, कारण पानांवर अडकलेला पाऊस तिथूनच वाऱ्याने उडून जातो. हे वाचून लगेच सह्याद्रीला लागू करू नका. आपला पाऊस, माती आणि झाडं सगळंच निराळं. पण ‘झाडं लावली की नदी वाढते’ हे कुणी बेधडक सांगितलं, तर मोजलंय का, एवढं विचारायची सवय मला या डोंगराने लावली.

आता विद्यार्थ्यांसाठी या बेटावरची सर्वांत मोठी सोय. वॉलिंगफर्डला राष्ट्रीय नदीप्रवाह संग्रह आहे आणि त्यात दीड हजारांच्या आसपास केंद्रांच्या दैनंदिन नोंदी फुकट मिळतात. अर्ज नाही, शिफारस नाही. थेम्सची नोंद १८८३ पासून आहे. आधी टेडिंग्टनच्या वेअरवर (नदीतल्या बुटक्या बंधाऱ्यावर), आता किंग्स्टनच्या यंत्रावर. भारतातही इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी जलमाहितीच्या संकेतस्थळावर कृष्णा-गोदावरीचं बरंच काही मिळतं, पण गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेच्या नोंदी सहज हाती येत नाहीत, म्हणून प्रबंधाचा विषय निवडताना हे लक्षात ठेवा.

फाइल उतरवलीत तरी केंद्राखालची बारीक अक्षरातली टीप सोडू नका. थेम्सच्या बाबतीत मोजलेला प्रवाह आणि ‘नैसर्गिक’ प्रवाह असे दोन रकाने दिसतील, कारण लंडनच्या नळांसाठी किंग्स्टनच्या वरच पाणी उचललं जातं आणि दुसऱ्या रकान्यात ते हिशेबाने परत मिळवलेलं असतं. १९७६ च्या दुष्काळात टेडिंग्टनच्या वेअरवरून पाणी पडायचं थांबलं होतं. पण नदी काही शून्यावर गेली नव्हती, तिचं पाणी वरच काढलं जात होतं. तसंच १८९४ च्या पुराचं. त्याचा आकडा आधी हजार क्युमेकच्या वर धरला होता, पुढे तपासून सुमारे ८०० वर आणला. रेटिंग कर्व्हचं वरचं टोक मोजमापावर नाही, अंदाजावर ओढलेलं असतं. शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर किती मोठा, हे ठरवताना नेमकं तेच टोक लागतं.

बाकी किरकोळ. इथलं जलवर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशेबाचं वर्ष, १ ऑक्टोबरला सुरू होतं, आपलं १ जूनला. दोन देशांची तुलना करणार असाल तर प्रबंधाच्या पहिल्याच पानावर ते लिहा. फील्डच्या नोकरीला गाडी चालवता येणं जवळपास अट असते, कारण केंद्रं बसच्या वाटेवर नसतात. लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) इथेही प्रशिक्षणात बजावतात. कोकणातल्या मुलांना नवल वाटणार नाही, पण हाताला जखम असेल तर पाण्यात उतरण्याआधी झाका. एकट्याने उतरायचं नाही. खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रतिसेकंदमध्ये घेऊन गुणाकार एकच्या जवळ आला, तर दोघांनीही उतरायचं नाही.

पायथन किंवा आर यांपैकी एकच नीट शिका. आणि विमानात बसण्याआधी टे, थेम्स आणि लँबोर्न या तिघींच्या दैनंदिन नोंदी उतरवून प्रत्येकीचा एका वर्षाचा आलेख काढा. मग ९५ टक्के दिवस जितका प्रवाह टिकतो तो आकडा काढून सरासरीने भागा. तीन गुणोत्तरं येतील. ती इतकी वेगळी का, यावर अर्धं पान लिहून आणा. पहिल्या आठवड्यात गाइड साधारण तेवढंच विचारतात.